वसुधेची गोष्ट आणि कामतघरच्या बाया

आनंदीबाईचा आवाज चांगला होता. कामतघरच्या चाळीत ही गोष्ट सगळ्यांना मान्य होती, आणि तिच्याबद्दल सगळ्यांना मान्य असलेली चांगली गोष्ट बहुधा तेवढीच. बाकी लोक बोलायचे ते तिच्या अंगाबद्दल. लेक तुळजा झाली त्यानंतर ती जी सुटली ती सुटतच गेली. गल्लीतून चालली की कारखान्याच्या दारात विड्या ओढत बसलेले विणकर एकमेकांना म्हणायचे, "साइड दो भाई, ट्रक आ रहा है." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पदर पुढून घट्ट ओढून घ्यायची आणि भिंतीच्या कडेकडेनं, जमेल तितकं अंग चोरून निघून जायची.

तिचं माहेर वाडा तालुक्यातलं. बाप चिंधू दुसऱ्याच्या शेतावर राबणारा कुणबी, पण गावातल्या मास्तरांनी हट्टच धरला म्हणून त्यानं पोरीला शाळेत ठेवलं. आनंदी सातवी पास झाली. त्या काळी त्या भागातल्या बाईमाणसाला सातवी म्हणजे पुष्कळच. पुढे नामाशी लग्न झालं. नामाच्या वाटणीला आलेल्या खाचरांतून वर्षाचं भात काही निघत नव्हतं, म्हणून दोघं भिवंडीला आली. नामा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागला, आनंदीबाई कांड्या भरायला जाऊ लागली. धोट्यात बसवायच्या त्या सुताच्या कांड्या भरताना दिवसभर यंत्रांचा एवढा खडखडाट, की शेजारच्या बाईशी बोलायचं तरी खुणेनं. तिथं चांगल्या आवाजाला कोण विचारतो. त्याचा उपयोग व्हायचा तो शुक्रवारी.

शुक्रवारी लूम बंद असत. आठवडाभर कानात भरून राहिलेला आवाज थांबला की माणसं थोडी बावचळल्यासारखी व्हायची, उगाच मोठ्यानं बोलायची. दुपारची भांडी झाली की चाळीतल्या बाया आनंदीबाईच्या ओट्यावर जमत. कुणी तांदूळ निवडायला घेई, कुणी पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत बसे, आणि आनंदीबाई पुस्तक वाचून दाखवी. पुस्तकं एस.टी. स्टँडजवळच्या रामनाथच्या दुकानातून भाड्यानं यायची. रामनाथ पुढं वह्या-पेन्सिली विकायचा आणि आतल्या अंधाऱ्या फळ्यांवर कादंबऱ्या ठेवायचा. बायांना सासुरवासाच्या गोष्टी आवडत, देवादिकांच्या आवडत, एखादी दरोडेखोराचीही चाले. ऐकता ऐकता त्या मधेच बोलत, नायिकेला अक्कल शिकवत, सासूला शिव्या घालत. आनंदीबाई पानावर बोट ठेवून थांबायची आणि सगळ्यांचं झालं की पुढं वाचायची.

चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात रामनाथनं तिला एक पुस्तक दिलं. ते इतक्या हातांतून फिरलं होतं की पुढची पानं केव्हाच गळून गेली होती. नाव नाही, लिहिणाऱ्याचाही पत्ता नाही. रामनाथनं त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं. चाळीत त्याचं नाव पडलं 'वसुधेची गोष्ट'.

वसुधा ही पुण्यातल्या एका वकिलाची मुलगी. शिकलेली, गोरी, पण जाड. तिला बघायला येणारे लोक पोहे खाऊन जात आणि मग नकार कळवत. ज्या प्रोफेसरावर तिचा जीव जडला होता, तो तिच्या मैत्रिणीशी बोलताना तिच्या चालण्याची नक्कल करतो आणि ती दाराआडून ते बघते. मग वसुधा तूप-साखर सोडते, भात सोडते, पहाटे उठून पर्वती चढते. वर्षाच्या शेवटाला ती अशी काही वेलीसारखी होते की तोच प्रोफेसर तिला ओळखत नाही, आणि ओळखतो तेव्हा तिच्या मागं लागतो. ती मात्र त्याला नाकारून एका देखण्या डॉक्टरशी लग्न करते.

ही गोष्ट ऐकताना बायांच्यात जेवढी वादावादी झाली तेवढी कुठल्याच पुस्तकावर झाली नव्हती. रंगूबाईला तर सुरुवातीला हसूच आवरेना. रंगूबाई समोरच्या खोलीत एकटी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि काही वर्षांपूर्वी छातीच्या आजारातून ती कशीबशी उठली होती. अंगावर मांस म्हणून नव्हतं. ती म्हणाली, मंग मी तं फुकटातच वसुधा झाले, माझ्या मागं डॉक्टर कुठं लागला, लागला तो सुई घेऊन. सगळ्या हसल्या. दुसरी एकजण म्हणाली, दोन वर्षांमागं दुष्काळात रेशनवर परदेशची लाल ज्वारी, तो मिलो, आला तेव्हा सगळा महाराष्ट्रच बारीक झाला होता, कुणी गोष्ट लिहिली नाही.

चाळीची मालकीण जानकीबाई हिला मात्र राग आला. ती इथल्याच जुन्या आगरी घरातली, नवरा दाजी याच्या खाचरांवर लूमच्या शेडी उठल्या होत्या. जानकीबाई अंगानं भरलेली होती आणि त्या भरलेल्या अंगावर सोनं घालून ती ऐटीत बसायची. बाई बारीक झाली की लोक म्हणतात घरात खायला मिळत नाही, असं तिचं म्हणणं. असली उपाशी मरायची गोष्ट लक्ष्मीच्या वारी वाचू नये म्हणून ती उठून गेली. पुढच्या शुक्रवारी मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसली. पुढं काय झालं हे तिलाही हवंच होतं.

गोदूबाई, जिला चार मुलीच होत्या, ती नकाराच्या प्रत्येक प्रसंगाला डोळे पुसायची.

आणि आनंदीबाई स्वतः? ती काही बोलत नसे, वाचणाऱ्यानं मत द्यायचं नाही अशी तिची रीत होती. पण वाचताना तिचा आवाज बदलायचा. दाराआडून वसुधा आपली नक्कल बघते ते पान तिनं वाचलं, तेव्हा तिचा आवाज इतका खाली आला की बायांनी तांदळातले हात थांबवले. तिला कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनाच ट्रकचं ठाऊक होतं.

दाराच्या चौकटीला टेकून तुळजाही ऐकत होती.

तुळजा आनंदीबाईची एकुलती एक. वय लग्नाचं, हाड आईचं. कामाला वाघीण, पाण्याच्या दोन कळश्या काखेला एक आणि डोक्यावर एक अशा सहज आणायची. त्याच वर्षी उन्हाळ्यात पडघ्याकडून तिला बघायला पाहुणे आले होते. चहा झाला, नाव-गाव विचारून झालं. जाताना मुलाची बहीण बोळातच आपल्या आईला म्हणाली, "पोरगी हाय का भाताची कणगी?" तुळजा कपबशा उचलत होती. तिनं त्या उचलल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या. रडली नाही. त्याआधीचा नकार असाच होता, फक्त तो कुणी तोंडावर बोललं नव्हतं.

वसुधेची गोष्ट संपली त्या दिवशी तुळजानं आईकडून पुस्तक मागून घेतलं. तिला अक्षरं जुळवत वाचावं लागे, पण ती वाचत राहिली. मग तिनं भात सोडला. आनंदीबाईला आधी वाटलं श्रावणाचा उपास असेल. श्रावण संपला तरी तुळजाच्या ताटात अर्धी भाकरी आणि मिरचीच. पुण्याची पर्वती कुठून आणायची, म्हणून ती उजाडताना वऱ्हाळा तळ्याला फेऱ्या घालू लागली. तिथून आली की लगेच कांड्यांवर ड्युटी.

आईनं तिला अडवायला हवं होतं असं पुढं पुष्कळांनी म्हटलं. पण आनंदीबाईला अडवावंसं वाटलं नाही. तुळजाच्या हाताची बांगडी कोपरापर्यंत सरकू लागली तेव्हा तिला स्वतःच्याच हाताला हलकं वाटलं. आपल्याला जमलं नाही ते लेक करून दाखवतेय, या अभिमानात ती होती. दसऱ्याला तिनं तुळजाची सगळी पोलकी शिवणीतून आत घेतली. दिवाळीला परत घेतली.

चाळीत आता वसुधेच्या गोष्टीवरचे सगळे वाद मिटले होते. पुस्तक खरं ठरलं होतं. गोदूबाईनं आपल्या थोरलीला तुळजाबरोबर तळ्यावर धाडायला सुरुवात केली. लांबच्या चाळीतल्या बाया येऊन विचारत, काय सोडलं, काय खाते, पुस्तक कुठं मिळतं. रामनाथच्या दुकानात त्याला नंबर लागले. जानकीबाईसुद्धा तुळजाची हनुवटी धरून म्हणाली, "कवरी देखणी झाली गो पोर." आणि गल्लीतल्या विणकरांनी तुळजा जाताना बोलणं बंद करून नुसतं बघायला सुरुवात केली. तुळजानं ते ओळखलं. ती मान वर करून चालू लागली.

एकट्या रंगूबाईनं वेगळं पाहिलं. तुळजाच्या गालांवर संध्याकाळी जी लाली चढायची ती तिला ओळखीची होती. खोकताना पोरगी पदर तोंडात कोंबते, हेही तिनं पाहिलं. सुताचा कण घशात जाऊन सगळ्याच कांडीवाल्या खोकत, पण हा खोकला निराळा. एका दुपारी ती आनंदीबाईच्या घरी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरीला ठाण्याला ने. छातीचा फोटो काढ. ही बारीक न्हाय होत, ही झिजतेय."

आनंदीबाई चुलीपुढं होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझी पोर चांगली दिसाया लागली तं तुला खुपाया लागलं?" ती म्हणाली. "तुझा रोग तुझ्या घरात ठेव. तिचं लगीन व्हायचं हाय."

रंगूबाई आली तशी परत गेली. दुसऱ्या शुक्रवारपासून ती ओट्यावर यायची बंद झाली. आपल्या खोलीच्या दारातून ऐकत बसे.

पौषाच्या आधीच वडप्याहून स्थळ आलं. मुलाचं नाव मोरू. आग्रा रोडवर ट्रक चालवायचा, घरी थोडी शेती. मोरूला मुलगी पाहताक्षणी आवडली आणि त्याच्या आईलाही, कारण तिनं चाळीत चौकशी केली होती आणि सगळ्यांनी तुळजाचं कौतुकच सांगितलं होतं. सुपारी फुटली. लग्न वैशाखात धरलं. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर तुळजानं आईच्या गळ्यात हात टाकले. तिचं अंग तापलेलं होतं. आनंदीबाईला ते लागलं, आणि तिनं मनात म्हटलं, दिवसभर चुलीपुढं आहे पोर.

शिमग्याच्या आधल्या आठवड्यात, कारखान्यात, मशीनपुढं उभ्या असलेल्या तुळजाला खोकल्याची ढास लागली. आनंदीबाई पलीकडच्या बाजूला होती. खडखडाटात तिला काहीच ऐकू आलं नाही. एका बाईनं खूण केली म्हणून तिनं वळून पाहिलं, तर तुळजा वाकलेली होती आणि पुढ्यातल्या भरलेल्या पांढऱ्या कांड्या लाल झाल्या होत्या.

ठाण्याला सरकारी दवाखान्यात फोटो काढला. दोन्ही बाजूंना क्षयाचे डाग होते. डॉक्टर वयस्क होते, त्यांनी समजावून सांगितलं. हा आजार पुष्कळ दिवसांचा आहे, उपासानं आणि सुताच्या धुळीनं बळावला आहे, पण आता यावर औषध आहे. रोज सुई, रोज गोळ्या, दीड-एक वर्ष तरी चुकवायच्या नाहीत. आणि खायचं, भरपूर खायचं. नामा दाराशी उभा होता. त्यानं फक्त एवढंच विचारलं की लग्नाचं काय. डॉक्टर म्हणाले, लग्न थांबवा.

ते थांबवावं लागलं नाही. वडप्याला बातमी आधीच पोचली होती. मोरूच्या आईनं माणूस धाडून सुपारी मोडली. मोरूनं त्याच माणसाकडून निरोप धाडला की बरी झाली की कळवा. नामाला तो निरोप खरा वाटला नाही, म्हणून त्यानं तो घरात सांगितला नाही. आनंदीबाईला तो पुढं उशिरा कळला.

रंगूबाई मात्र त्याच संध्याकाळी आली. जुनं काही काढलं नाही. कुठली गोळी कशाबरोबर घेतली म्हणजे मळमळत नाही, सुईनं ठणकलं तर काय शेकायचं, हे तिनं तुळजाला सांगितलं. भिवंडीच्या दवाखान्यात सुई द्यायची सोय झाली, तिथं पहिले काही दिवस तीच तुळजाला घेऊन गेली. आनंदीबाईला तिची माफी मागायची होती. ते जमलं नाही. तिनं एका वाटीत खीर दिली, रंगूबाईनं ती घेतली.

औषध लागू पडलं. पावसाळा उलटेपर्यंत ताप गेला, खोकला गेला, तोंडाला चव आली. नामा दोन शिफ्टा करून अंडी, दूध आणायचा. तुळजाला भूक लागायची, अशी की तिचं तिलाच आश्चर्य वाटे. गालाची हाडं बुजली, दंड भरले, आत घेतलेली पोलकी पुन्हा उसवावी लागली. दवाखान्यात दर खेपेला काट्यावर उभं करत. काट्यापाशी बसणारी सिस्टर खूश व्हायची. ती म्हणायची, शाब्बास, पुन्हा वाढलं. आनंदीबाईही तिच्याबरोबर हसायची. तुळजा काट्यावरून उतरताना खाली बघायची.

चाळीत जो तो म्हणू लागला, तब्येत सुधारली हो तुळजाची. मराठीत आपण हे शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो, आजारी माणूस बरा झाला तरी आणि चांगला माणूस जाड झाला तरी. बाया पहिल्या अर्थानं म्हणत होत्या. तुळजाला दुसराच ऐकू यायचा. एकदा कारखान्यावरून जाताना कुणीतरी बऱ्याच महिन्यांनी तो जुना ट्रकचा शब्द टाकला. मायलेकी बरोबर होत्या. कुणाला उद्देशून होता ते कळायला मार्ग नव्हता. आनंदीबाई म्हणाली, मला म्हणाले, तू नको मनावर घेऊ. तुळजानं पदर पुढून घट्ट ओढून घेतला.

नवरात्रात मोरू आला. भिवंडीला माल उतरवायला आला होता, तसाच चाळीत शिरला. घरात बसला, पाणी प्यायला. तो साधा माणूस होता, त्याला बोलायला फार येत नसे. तुळजाकडं बघून तो मनापासून म्हणाला, "चांगली तब्येत सुधारलीय." आईला अजून समजावतोय, पुढच्या वर्षी बघू, असंही काहीसं तो आनंदीबाईशी बोलला. तो गेला तेव्हा आनंदीबाईला आभाळ ठेंगणं झालं. तिनं वळून पाहिलं तर तुळजा भिंतीकडं तोंड करून निजली होती. डोकं दुखतंय म्हणाली.

त्यानंतर तुळजा दवाखान्यात एकटी जायला लागली. आता बरी आहे, सारखं कुणी कशाला हवं, असं म्हणाली आणि ते पटण्यासारखंही होतं. सकाळी निघायची, वेळेवर परत यायची. गोळ्या पाण्याच्या तांब्याजवळ बसून घ्यायची. जेवताना ताट आत घेऊन जायची. हळूहळू ती पुन्हा उतरू लागली. आनंदीबाईला वाटलं, हिंडते-फिरते, म्हणून असेल.

खरं कळलं ते बाजारात. आनंदीबाई सुकट घेत होती. काट्यावरची ती सिस्टर समोरून आली आणि म्हणाली, तुमची तुळजा गावी गेली का, दिवाळीपासून फिरकली नाही.

आनंदीबाई घरी आली तेव्हा तुळजा केस विंचरत होती. आनंदीबाई दारातच खाली बसली, एवढी तिला धाप लागली होती. सुयांचं विचारलं. तुळजानं नाकारलं नाही. सुईच्या वेळेला ती तळ्यावर जाऊन बसायची. घरी होत्या त्या गोळ्या जिभेखाली धरून मग मोरीत सोडायची.

"मरायचं हाय का तुला?" आनंदीबाई म्हणाली.

"मरायचं न्हाय," तुळजा म्हणाली. "त्या गोळ्यांनी भूक लागते. मी परत तशी होते."

"तशी म्हंजे कशी? बरी होतेस."

तुळजानं फणी खाली ठेवली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते आनंदीबाईला जास्त लागलं.

"आये, वसुधा जाड हुती तवाचं तू वाचलंस, तो आवाज तुझा हुता. आन बारीक झाल्यावरचं वाचलंस तवा तू असं वाचलंस, जशी सुटली बाई तुरुंगातनं. म्या दारात बसून ऐकलंय. तुला सोताला तुझं अंग सोसत न्हाय. मंग मला कशाला त्यात परत घालतेस?"

 आनंदीबाईला वाटलं, आपण म्हणावं, की तसं नाही. पण ते खोटं होतं, आणि समोर बसलेल्या पोरीला ते खोटं आहे हे माहीत होतं. ती उठून तिच्याजवळ बसली. फणी उचलून तिनं पोरीचे केस विंचरायला घेतले. शेवटी आनंदीबाई म्हणाली, "माझ्यासाठी घे गोळ्या." तुळजानं होय म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर दवाखान्यात जाऊ लागली, आणि पुढं एकदाही तिनं टाळाटाळ केली नाही, हे आनंदीबाई नंतर सगळ्यांना आवर्जून सांगायची.

पण औषध आता पहिल्यासारखं लागेना. मधे खंड पडला की हा रोग औषधाला सरावतो, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. दुसरी औषधं होती, ती मुंबईहून आणावी लागत, त्यांनी पोटात काही ठरत नसे. माघात ती अंथरुणाला खिळली. बारीक झाली, वसुधेपेक्षाही कितीतरी बारीक. एकदा अंग पुसताना आपल्या मनगटाकडं बघून ती आईला म्हणाली, "एवढं बारीक तं बास झालं, न्हाय का?" आनंदीबाईनं ते मनगट फडक्यात गुंडाळून धरलं.

शहात्तरच्या चैत्रात, भर दुपारी, ठाण्याच्या दवाखान्यात तुळजा गेली. आनंदीबाई आणि रंगूबाई दोघी जवळ होत्या. नामा खाली चहा आणायला गेला होता.

तेरावं झालं आणि चाळीत पुन्हा वसुधेच्या गोष्टीवर बोलणी सुरू झाली. जानकीबाई म्हणाली, मी पहिल्या दिवशीच उठून गेले होते, पुस्तकच अपशकुनी. ती त्याच्या शेवटापर्यंत बसली होती हे कुणी तिला सांगितलं नाही. गोदूबाईनं आपल्या थोरलीचं तळ्यावर जाणं बंद केलं आणि तिच्या ताटात बळेच भात वाढू लागली. पोरगी तो मागच्या दारी कोंबड्यांना घालायची. दुसऱ्या काहीजणी म्हणत, पुस्तकाचा काय दोष, रोग आधीपासूनच होता. त्यांचंही बरोबर होतं.

नामा एक दिवस रामनाथच्या दुकानात गेला. ते पुस्तक दे, म्हणाला, मला जाळायचंय. रामनाथनं हात जोडले. पुस्तक दुकानात नव्हतंच. अंजूरकडच्या बाया नेतात, तो म्हणाला, एकीनं आणलं की दुसरी तिथंच थांबलेली असते. नामा बराच वेळ पायरीवर बसला आणि परत आला. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "तू वाचायला नको हुतंस." तेवढंच. त्यानंतर तो फारसा बोललाच नाही. लूमवर जायचा, यायचा, जेवायचा.

आनंदीबाईनं वाचणं सोडलं. काही शुक्रवार बाया ओट्यावर येऊन नुसत्याच बसल्या, मग येईनाशा झाल्या. रंगूबाई तेवढी येई. दोघी वाल सोलत बसत. एकदा आनंदीबाईनं तिला विचारलं, तुला राग नाही येत माझा? रंगूबाई म्हणाली, "पुस्तक मलाबी आवडलं हुतं. त्यात कुनी खोकत न्हवतं."

पुढच्या वर्षी पलीकडच्या बोळातल्या सीताबाईच्या सुनेला तोच आजार निघाला. लग्न होऊन वर्ष झालेली पोर, सासरच्यांनी माहेरी धाडायची तयारी केली होती. आनंदीबाई तिथं गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती त्या सुनेला रोज सुईला घेऊन जाऊ लागली. कामावर जायच्या आधी त्यांच्या दारात जाऊन उभी राही, गोळी पोरीच्या जिभेवर ठेवायला लावी, पाणी पाजी, आणि तोंड उघडून दाखव म्हणे. सुनेला याचा संताप यायचा. ही बाई स्वतःची लेक खाऊन आता माझ्या मागं लागलीय, असं ती सासूला म्हणाली आणि ते आनंदीबाईच्या कानावर आलंच. तरी ती जात राहिली. वाटेतले विणकर काय म्हणतात याच्याकडं आता तिचं लक्ष नसे. भिंतीच्या कडेनं जायचं तिनं सोडलं होतं, गल्लीच्या मधून चालायची.

एका सकाळी गोळी हातात धरून त्या सुनेनं विचारलं, "मावशी, हिनं मी जाड होईन का?"

आनंदीबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"होशील," ती म्हणाली. "माझ्याएवढी झालीस तरी चालंल. गिळ."

सुनेनं रागानं तिच्याकडं पाहिलं आणि गोळी गिळली. ती बरी झाली. आनंदीबाईशी मात्र ती पुढं कधी नीट बोलली नाही. तिच्यानंतर आणखी काहीजणी आल्या, काही बऱ्या झाल्या, काही मधेच औषध टाकून गावी निघून गेल्या आणि त्यांचं काय झालं ते कळलं नाही. रंगूबाईही गेली, आजारानं नव्हे, म्हातारपणानं. आनंदीबाई कांड्या भरत होती त्याच कारखान्यात शेवटपर्यंत होती. मोरूचं लग्न झाल्याचं तिला कुणीतरी सांगितलं तेव्हा तिनं मुलगी कुठली एवढंच विचारलं, आणि मशीनकडं वळली.